आधी रायफल खाली घ्यायला शिकू दे

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवलं आणि त्या संध्याकाळपासून माझा फोन थांबेना. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं मारायच्या प्रकाराच्या, फायनलमध्ये ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडायला २०२४ उजाडलं. खाशाबा तर आमच्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. तेव्हा साताऱ्यातल्या आईबापांना आपलं पोर रायफल घेऊन उभं राहिलेलं दिसायला लागलं, तर त्यात नवल नाही. फोनवरचा प्रश्न मात्र ठरलेला असतो. “मॅडम, पोरगं आठ वर्षांचं आहे. उशीर तर झाला नाही ना?”

नाही झाला. स्वप्नील क्रीडा प्रबोधिनीत गेला तेव्हा चौदाच्या आसपास होता. अंजली भागवत कॉलेजात एनसीसीत असताना या खेळाकडे वळल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. आणि पॅरिसमध्येच १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण नेणारी कोरियाची बान ह्यो-जिन सोळा वर्षांची होती खरी, पण तिनं रायफल हातात घेऊन जेमतेम तीनच वर्षं झाली होती. आठ वर्षांचं पोर घेऊन धावत सुटावं असं यात काहीच नाही. आठव्या वर्षी यायला माझी हरकत नाही, घाईला आहे.

मी साताऱ्यात शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी गोडोलीच्या बाजूला एका छोट्या दहा मीटरच्या रेंजवर लहान मुलांना घेते. नेमबाजी मला एनसीसीनं दिली. झोपून पॉइंट टू टू रायफल, पाच राउंड, आणि मग उस्ताद पट्टी लावून ग्रुप मोजायचे. मधोमध लागलं का, हे ते नंतर बघायचे. आधी पाचही भोकं किती जवळजवळ आहेत ते. आबा सैन्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात याचं कुणाला अप्रूप नव्हतं आणि भीतीही नव्हती. हे सांगते ते एवढ्यासाठी, की माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत दोन्ही असतं. वडिलांना अप्रूप आणि आजीला भीती. आजीची बाजू मला जास्त पटते, आणि पहिल्या दिवशी मी तिच्याशीच आधी बोलते.

“पोरांच्या हातात बंदूक कशाला देताय बाई?” एका आजींनी मला तोंडावर विचारलं होतं. नातवाचं दप्तर मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या होत्या, आणि मी नीट उत्तर देईपर्यंत त्यांनी ते दप्तर काही त्याच्या हातात दिलं नाही. मी त्यांना रेंजच्या आत नेलं. भिंतीवरचं कपाट दाखवलं, त्याची किल्ली माझ्या गळ्यात असते ती दाखवली. पहिलं वर्षभर कुणाचीही रायफल घरी जात नाही, स्वतः विकत घेतलेली असली तरीसुद्धा नाही, हे सांगितलं. आणि नळीतून आरपार घातलेली केशरी दोरी दाखवली. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दोरी दोन्ही बाजूंनी दिसते आहे म्हणजे नळीत काही नाही आणि काही जाऊ शकत नाही. रायफल कपाटातून निघते तीच दोरी घालून, आणि लेनवर नळीचं तोंड टार्गेटकडे झाल्याशिवाय ती दोरी निघत नाही. आजींनी ती दोरी स्वतः ओढून बघितली. मग नातवाला म्हणाल्या, “जा.”

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे एअर रायफलला लोक खेळणं समजतात. साडेचार मिलिमीटरची, ठरलेल्या ताकदीच्या आतली एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून ती घरात सहज येते, शेतावरच्या खोपीत खुंटीला लटकते आणि तशीच पोरांच्या हातात जाते. त्या अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या छऱ्यानं डोळा जातो. एक वडील मोठ्या कौतुकानं सांगत होते, “मॅडम, हात लई पक्का आहे. मामाच्या मळ्यात होले पाडतोय.” मी त्या मुलाला घेतलं, पण वडिलांसमोरच त्याला विचारलं की होला पाडल्यावर पुढं काय केलं. तो खाली बघायला लागला. त्याच्याकडून मी कबूल करून घेतलं की जिवंत गोष्टीकडे नळी फिरवायची नाही, मळ्यात नाही, माकडावर नाही, दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल असलं तरी भावाकडे नाही. ज्या दिवशी कानावर आलं त्या दिवशी रेंज बंद. हा नियम मी कुणासाठी वाकवलेला नाही आणि वाकवणार नाही. पुसेगावच्या यात्रेत सगळे फुगे फोडले म्हणून जी पोरं येतात, त्यांनाही हेच. फुग्याच्या गाड्यावर पोर रायफल खांद्याला लावून मागं वळतं आणि “पप्पा, बघा!” म्हणून ओरडतं, तेव्हा नळी कुठं फिरली हे कुणी बघत नाही. ती वळण्याची सवय मोडायलाच मला सगळ्यात जास्त दिवस लागतात.

आता माझा खरा मुद्दा. लहान मुलाला नेमबाजी शिकवायची म्हणजे आधी काय शिकवायचं? बहुतेकांना वाटतं, नेम. माझं म्हणणं, रायफल उचलायची, खांद्याला लावायची, साईटमधून, म्हणजे रायफलवरच्या नेम धरायच्या खुणेतून, बघायचं, आणि ट्रिगर न ओढता परत खाली घ्यायची. पहिले काही आठवडे एवढंच. पेलेट म्हणजे छरा नाही, कार्ड म्हणजे टार्गेटचा कागद नाही, गुण नाहीत. “उचल. बघ. खाली.” पोरं कंटाळतात, आईबाप त्याहून जास्त कंटाळतात. पण जे पोर रायफल खाली घेऊ शकतं, त्याच्याच हातात मी पेलेट देते.

कारण या खेळात शॉट बिघडतो तो नेम चुकून कमी आणि सोडवेना म्हणून जास्त. दहा मीटर एअर रायफलच्या कार्डावर दहा गुणांचं, म्हणजे अगदी मधलं, वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, छापील पुस्तकातल्या पूर्णविरामाएवढं. पेलेट त्याच्यापेक्षा किती तरी मोठा. बरोबर लागला तर तो ठिपका पूर्ण उडूनच जातो. एवढ्याशा ठिपक्यासमोर कुणाचीच रायफल स्थिर राहत नाही, मोठ्यांचीही नाही. ती हलतच असते. पहिले काही सेकंद हलणं कमी कमी होत जातं, मग थोडा वेळ बरं चालतं, आणि मग श्वास धरून ठेवल्यामुळे, डोळा थकल्यामुळे, दंडात थरथर आल्यामुळे पुन्हा वाढायला लागतं. तो मधला बरा वेळ गेला, तरी माणूस सोडत नाही. इतका वेळ धरली आहे, आता मारूनच टाकू, असं मन म्हणतं. तिथं सात लागतो. मोठ्या माणसाला ही सवय लागली की ती सुटायला वर्षं जातात. लहान मुलाला ती लागूच न देणं सोपं आहे, म्हणून लहानपणी यायचं. माझ्या मते लहानपणी सुरुवात करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आणि सुरक्षाही याच एका गोष्टीत येते. रेंजवर “स्टॉप” म्हटलं की थांबायचं. बोट ट्रिगरवर आलेलं असो, साईटच्या वर्तुळात टार्गेटचं वर्तुळ अगदी मधोमध बसलेलं असो, तरी बोट बाहेर आणि रायफल खाली. मी मधेच, काही कारण नसताना, “स्टॉप!” म्हणते. सुरुवातीला दोन-चार शॉट हमखास सुटतात. महिन्याभरात एकही सुटत नाही. ज्या दिवशी सगळी ओळ एका शब्दावर थांबते, त्या दिवशी मी निश्चिंत होते. मग पेलेटचा डबा उघडते.

पेलेट शिशाचे असतात, आणि लहान मुलांच्या शरीराला शिसं फार वाईट. हे पालकांनी माझ्याकडून दोनदा ऐकलं तरी चालेल. हात मोकळे हवेत म्हणून पोरं पेलेट ओठांत धरतात, मोठ्यांचं बघून. माझ्यासमोर कुणी धरला तर त्या दिवशीचा सराव संपला. रेंजवर खाणं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. जाताना साबणानं हात, नुसत्या पाण्यानं नाही. रेंज कोरड्या झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, म्हणजे धूळ उडत नाही. आमच्याकडे पुसायचं काम पाळीनं मोठी मुलं करतात आणि ती लहानांवर हात धुण्याबाबत माझ्यापेक्षा कडक आहेत.

आता वजनाचं. नियमानं एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, आणि मोठ्यांच्या रायफली चार-साडेचारच्या पुढे असतात. आठ वर्षांच्या पोराचं स्वतःचं वजन पंचवीस किलोच्या आतबाहेर. उभ्यानं रायफल मारताना कमरेतून मागं आणि थोडं बाजूला झुकावं लागतं, कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि सगळं ओझं हाडांवरून जमिनीत जातं. मोठ्यांना हे जमतं, शिवाय त्यांच्या अंगात कॅनव्हासचं जाड जॅकेट असतं. वाढत्या पाठीवर ते ओझं टाकायला मी तयार नाही. म्हणून लहान मुलं माझ्याकडे स्टँडवर रायफल टेकवून मारतात, हलक्या रायफलीनं, आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलाला मी आठवड्यातून दोनदाच बोलावते. उरलेल्या दिवशी त्यानं खो-खो खेळावा, लंगडी खेळावी, यवतेश्वरच्या चढावर धापा टाकाव्यात. नुसतं उभं राहून पाय तयार होत नाहीत. जर्मनीसारख्या देशात, जिथं गावोगाव नेमबाजीचे क्लब आहेत, तिथं एअर रायफलला बारा वर्षांची अट आहे; त्याहून लहान पोरं प्रकाशाच्या किरणावर चालणाऱ्या रायफलीनं सराव करतात, छरा नाहीच. आपल्याकडे तशी रायफल सहज मिळत नाही, पण रिकाम्या रायफलीनं, न मारता, तेवढंच शिकता येतं. पिस्तूल तर मी अजून उशिरा देते. एक किलोच्या आसपासचं वजन एका हातानं, हात सरळ पुढं लांब करून धरायचं म्हणजे लहान मनगटाची परीक्षा आहे. घरी पाण्याची लिटरची भरलेली बाटली तशी धरून बघा, लगेच कळेल.

मला स्वतःला जो भाग सगळ्यात आवडतो, तो आता. पेलेट सुरू झाले की मी प्रत्येक मुलाला एक वही देते आणि शॉट मारल्यावर कार्ड बघायच्या आधी चित्र काढायला सांगते. शॉट सुटला त्या क्षणी साईटमधून काय दिसत होतं ते. पीप साईट, म्हणजे मागे बारीक भोकातून बघायची साईट, असेल तर बाहेर पुढच्या साईटची रिंग आणि आत काळं टार्गेट, मधे पांढरी फट. ओपन साईट असेल तर मागच्या खाचेत पुढची काडी आणि तिच्या वर टेकलेलं काळं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची चित्रं एकसारखी असतात, अगदी मधोमध, कंपासनं काढल्यासारखी. म्हणजे पोरानं पाहिलेलं काढलेलं नसतं, पाहायला हवं होतं ते काढलेलं असतं. मग मी कार्ड दाखवते. चित्रात मधोमध आणि कार्डावर सहा, डावीकडे खाली. रागवायचं नाही, काही बोलायचंच नाही, नुसतं दोन्ही शेजारी ठेवायचं. पुढच्या काही दिवसांत चित्रं हळूहळू वाकडी व्हायला लागतात. एका बाजूची फट जाड, दुसऱ्या बाजूची बारीक. ती वाकडी चित्रं आली की मला फार आनंद होतो. ते पोर आता खरोखर बघायला लागलेलं असतं.

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून एक मुलगी यायची, सहावीतली, एसटीनं. बरोबर आजोबा, पेन्शनर फौजी, पांढरी टोपी, हातात पिशवी. शाळेच्या जिल्हा स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या गटात ओपन साईटला उतरली. पावसाळ्याचे दिवस, कार्डं सादळलेली, भोकाच्या कडा फाटून येत होत्या आणि पंचांना रेषा लागली की नाही हे भिंग घेऊन बघावं लागत होतं. वेळ संपत आलेली, तिचा एक शॉट शिल्लक. तिनं रायफल उचलली, गाल टेकवला, आणि खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. मागं कुणाचे तरी वडील पुटपुटले, “मार की आता!” तिच्या कानावर ते गेलं असणार, कारण मान जरा हलली. तिनं रायफल स्टँडवर ठेवली, दोन्ही हात झटकले, फ्रॉकला पुसले, एक श्वास घेतला आणि उजवा पाय बोटभर मागं सरकवला. तो पाय मी बघितला आणि मला कळलं की ती काय दुरुस्त करते आहे. डोळे मिटून रायफल उचलायची, डोळे उघडून बघायचं की नळी आपसूक कुठं गेली. बाजूला गेली असेल तर हातानं ओढून आणायची नाही, पाय हलवायचा. हे तिला मी सांगितलेलं होतं, पण स्पर्धेत, शेवटच्या मिनिटाला, कुणी न सांगता, अकरा वर्षांची पोर ते करते आहे हे बघणं वेगळं. मग तिनं मारला. कार्ड यायच्या आधी माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “आठ, मॅडम. उजवीकडं.” आठच होता, उजवीकडंच.

तिला त्या दिवशी काही मिळालं नाही. तिच्यापेक्षा जास्त गुण घेणाऱ्या मुली होत्या. आजोबांनी एसटी स्टँडवर मला विचारलं, “आमच्याकडं हुकूम झाला की गोळी सुटायची. हिला तुम्ही थांबायला शिकवता, ते बरोबर हाय का?” मी म्हटलं, “आजोबा, तुमच्या वेळी समोर काळ होता. हिच्यासमोर कागद आहे, तो कुठं पळून जात नाही.” त्यांना ते पटलं असावं. पुढच्या वेळी ते मागं बसून दुसऱ्यांच्या वडिलांना गप्प करत होते.

पालकांविषयी थोडं स्पष्ट बोलते. लेनच्या मागं उभं राहून प्रत्येक शॉटचा गुण मोठ्यानं मोजणं हे पोराचं सगळ्यात जास्त नुकसान करतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट आल्यापासून तर पडद्यावर दशांशात आकडा येतो, १०.९ हा सगळ्यात वरचा, आणि साठ शॉटचे पूर्ण गुण ६५४. “नऊ पॉइंट सात कसा आला?” असं नऊ वर्षांच्या पोराला विचारणारे वडील मी बघितलेत. पहिल्या वर्षी मी गुण लिहूनच घेत नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला मारायला लावते, कोरा पांढरा कागद, वर्तुळं नाहीत. मग पट्टी घेऊन ग्रुप मोजायचा, आमच्या एनसीसीच्या उस्तादांसारखा. कोऱ्या कागदावर पोर शांत असतं, कारण तिथं चुकायला जागाच नाही, आणि पेलेट मात्र जवळजवळ पडायला लागतात.

दहावीला खेळाचे वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे विचारायला मला कुणी लाजू नये. कोरडवाहू शेतीच्या माण-खटावमधल्या घरानं पोरासाठी नोकरीचा विचार करायचा नाही तर कुणी करायचा? स्वप्नीललाही रेल्वेच्या नोकरीनं आधार दिला. पण ते फळ चौदाव्या-पंधराव्या वर्षानंतरचं आहे. आठव्या वर्षी त्याचा हिशेब सुरू केला तर पोर तिथपर्यंत पोचत नाही, बाराव्या वर्षीच रायफलकडे पाठ फिरवतं. अशी पोरं मी पाहिली आहेत, हात सोन्यासारखा असलेली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तसंच खरेदीचं. परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल, फाइनवर्कबाउ, वॉल्थर, आन्शुट्झ यांपैकी कुठलीही घ्या, नवी म्हटलं की लाखांतच बोलणं. त्यावर जॅकेट, पँट, बूट, ग्लव्ह. वाढत्या वयात जॅकेट दीड-दोन वर्षांत आखूड होतं. पहिलं वर्षभर काहीही घेऊ नका. रेंजची रायफल, रेंजचं जुनं जॅकेट. कर्ज काढून तर मुळीच नको. बापानं कर्ज काढलं आहे हे पोराला माहीत असलं की प्रत्येक शॉटवर ते ओझं येतं, मग रायफल कितीही हलकी असो. जुनी रायफल घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत आधी बघा. त्यात दोनशे बारच्या आसपास दाबाची हवा असते, मुदत संपलेला सिलिंडर फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही, आणि हवा भरायचं काम लहान मुलाकडे कधीच द्यायचं नाही.

डोळ्यांबद्दल हमखास विचारतात. चष्मा असला तरी चालतं. कुठला डोळा पुढाकार घेतो ते आधी बघायचं: दोन्ही हात पुढं करून बोटांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच राहतं, तो तुमचा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा निघाला तर घाबरू नका, ते मी बघते. दुसरा डोळा गच्च मिटायचा नाही, त्यानं चेहरा आवळतो. समोर छोटी पट्टी लावायची, तिला ब्लाइंडर म्हणतात. दोन्ही डोळे उघडे, चेहरा मोकळा.

मुलींना जरूर आणा. हे मी वेगळं लिहिते, कारण घरात भाऊ-बहीण असले तर फोन भावासाठी येतो. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत. राहीनं तर २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. महाराष्ट्राला हा खेळ ज्यांनी दाखवला त्यात बायका पुढं आहेत. आणि आपल्या जिल्ह्याचंच बघा, नेमबाजी नसेल पण नेमाचाच खेळ, तिरंदाजीत साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. भावाला आणायला येताय ना? मग बहिणीलाही बाकावर बसवू नका, आत पाठवा. माझ्याकडच्या ज्या मुली रायफल पटकन खाली घेतात, त्यातल्या बऱ्याच जणी भावाबरोबर आलेल्या आहेत.

नवी बॅच गणपती झाल्यावर घेते. येताना सपाट तळाचे बूट, उंच टाचेचे किंवा जाड गादीचे स्पोर्ट्स शूज नकोत. नखं कापलेली, लांब केस बांधलेले, गळ्यात लोंबणारं काही नाही. पोटात थोडं खाल्लेलं असू द्या, उपाशी पोराचा हात थरथरतो. पालकांनी पहिले तीन दिवस आत येऊन बघावं, सगळं विचारावं, कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही विचारावं. कुठल्याही रेंजवर जा, हा प्रश्न विचारा, आणि उत्तर देताना कुणी चिडलं तर पोराला घेऊन परत या. चौथ्या दिवसापासून पालक बाहेरच्या बाकावर. फोन बंद ठेवायचा, आणि पोर बाहेर आल्यावर “किती लागले?” असं विचारायचं नाही. “आज किती वेळा खाली घेतलीस?” असं विचारलंत तर ते घरी जाईपर्यंत बोलत राहील.